उत्क्रांतीच्या शिडीचें खूळ

शास्त्रानें टाकून दिलेला सिद्धान्त लगेच मरतो असें नाहीं. पुष्कळदां तो प्रयोगशाळेंतून उठून व्याख्यानपीठावर जाऊन बसतो, आणि तेथें त्यास पूर्वीपेक्षांही अधिक मान मिळतो. मनुष्याचा गर्भ नऊ महिन्यांत आपल्या सर्व पूर्वजांचा इतिहास पुन्हां जगतो. तो प्रथम मासा असतो, मग बेडूक, मग चतुष्पाद आणि शेवटीं मनुष्य, हें विधान असेंच एक आहे. तीस वर्षें प्राणिशास्त्र शिकवितांना मीं तें तोंडी परीक्षेंत विद्यार्थ्यांकडून ऐकलें, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांकडून ऐकलें, आणि नांवाजलेल्या वक्त्यांकडून तर इतक्या वेळां ऐकलें कीं पुढचें वाक्य कोणतें येणार हेंही मला आतां पाठ झालें आहे. पुढचें वाक्य मत्स्य, कूर्म, वराह ह्या अवतारांविषयीं असतें. आणि त्यापुढें टाळ्या असतात.

टाळ्यांशीं माझें भांडण नाहीं. भांडण आहे तें ह्या विधानाच्या पोटांत दडून बसलेल्या एका कल्पनेशीं. ती कल्पना अशी कीं, उत्क्रांति ही एक शिडी आहे. प्रत्येक प्राणी त्या शिडीच्या कोणत्या तरी पायरीवर उभा आहे. आणि नवें शरीर घडतें तें जुन्या शरीराच्या माथ्यावर एक मजला अधिक चढवून. ही कल्पना चुकीची आहे, आणि ती जागा अडवून बसल्यामुळें जें खरें आहे तें आमच्या वाचकांपर्यंत पोंचतच नाहीं. खरें हें कीं, प्राण्यांच्या शरीरांची घडण पुष्कळ अंशीं त्यांच्या वाढीच्या वेळापत्रकांत झालेल्या फेरफारांनीं बदलली आहे. कोणता अवयव केव्हां वाढूं लागला, कोणत्या वेगानें वाढला आणि केव्हां थांबला, हे ते प्रश्न होत. ह्या वेळापत्रकांत पुढें जाणें आहे तसें मागें राहणेंही आहे, आणि त्या दोहोंपैकीं कोणतेंही एक दुसऱ्याहून श्रेष्ठ नाहीं. शिडीवाल्यांच्या गळ्याखालीं नेमकें हेंच उतरत नाहीं.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे. येना येथील प्राध्यापक एर्न्स्ट हेकेल यांनीं १८६६ सालीं असा नियम सांगितला कीं, व्यक्तीची वाढ ही तिच्या वंशाच्या इतिहासाची संक्षिप्त उजळणी असते. हेकेल हे कांहीं सामान्य गृहस्थ नव्हते. डार्विनचा विचार जर्मन वाचकांच्या घराघरांत नेण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं त्यांचें आहे, आणि प्राणी व त्यांची परिस्थिति यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास इकॉलॉजी हें नांव त्यांनींच दिलें. परंतु त्यांचा हा नियम खरा ठरण्यास दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. एक, वंशामध्यें जें जें नवें येतें तें वाढीच्या अगदीं शेवटीं जोडलें जातें; आणि दुसरी, गर्भाला वेळ पुरावा म्हणून जुन्या पायऱ्या घाईघाईनें उरकल्या जातात. म्हणजे पूर्वजाची जी प्रौढावस्था ती वंशजाची बाल्यावस्था. मासा जेथें थांबला तेथून बेडूक पुढें निघाला. बेडूक जेथें थांबला तेथून सरडा. शिडी ती हीच.

ह्या नियमाचें खंडन त्याच्या जन्मापूर्वीं अडतीस वर्षें होऊन चुकलें होतें, कारण मूळ कल्पना हेकेलहूनही जुनी होती. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनीं १८२८ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, मद्यार्कांत ठेवलेल्या दोन लहान गर्भांवर नांवाच्या चिठ्ठ्या लावावयाच्या राहून गेल्या, आणि आतां ते सरड्याचे, पक्ष्याचे कीं सस्तन प्राण्याचे हें आपणांस सांगतां येत नाहीं. एखाद्या उतावळ्या मनुष्यानें ह्यावरून लागलीच मोठा सिद्धान्त उभारला असता. फॉन बेअर यांनीं जपून एवढेंच म्हटलें कीं, गर्भ आरंभीं एकमेकांसारखे असतात आणि वाढतां वाढतां एकमेकांपासून दूर जातात. वरच्या समजल्या जाणाऱ्या प्राण्याचा गर्भ खालच्या समजल्या जाणाऱ्या प्राण्याच्या प्रौढ शरीरासारखा कधींच नसतो, तो असतो त्याच्या गर्भासारखा. मनुष्यगर्भाच्या गळ्याशीं ज्या घड्या दिसतात व ज्यांस आमचे वक्ते माशाचे कल्ले म्हणतात, त्यांचें उदाहरण घ्या. माशाच्या गर्भांतही त्या घड्या असतात. माशांत त्यांपासून पुढें कल्ल्यांच्या कमानी होतात. आपल्यांत त्यांपासून जबड्याचे, कानांतील चिमुकल्या हाडांचे आणि कंठाचे भाग होतात. मनुष्याच्या गर्भास श्वास घेण्याजोगे कल्ले कोणत्याही दिवशीं नसतात. एका खोडापासून दोन फांद्या फुटल्या म्हणून त्यांतील एक फांदी लहानपणीं दुसरी फांदी होती असें कोणी माळी म्हणत नाहीं.

हेकेलच्या चित्रांविषयीं दोन शब्द सांगून तो विषय सोडतों. १८६८ सालच्या त्यांच्या लोकप्रिय ग्रंथांत कुत्रा, कोंबडी व कांसव यांचे गर्भ म्हणून एकच ठसा तीनदां छापला होता. बाझल येथील र्‍युटिमायर यांनीं तें उघडकीस आणलें आणि पुढील आवृत्तींत तो प्रकार काढून टाकावा लागला. नंतरच्या चित्रांतही गर्भांचें साम्य फाजील रंगविलें होतें, हें १९९७ सालीं मायकेल रिचर्डसन व त्यांचे सहकारी यांनीं खऱ्या गर्भांचीं छायाचित्रें शेजारीं ठेवून दाखविलें. ह्यावरून उत्क्रांतीच खोटी असा जो डांगोरा कांहीं लोक पिटतात, त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. खोटा साक्षीदार निघाला म्हणून खटला खोटा ठरत नसतो, विशेषतः बाकीचे शंभर साक्षीदार खरे असतांना.

आतां ज्या प्राण्यानें ह्या शिडीच्या पायऱ्या मोडल्या त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को नांवाचें सरोवर होतें. आतां त्याचे कालवे तेवढे उरले आहेत. त्यांत ॲक्सोलॉटल नांवाचा एक वीतभर लांबीचा उभयचर प्राणी राहतो. मानेच्या दोन्ही अंगांस पिसाऱ्यासारखे तीन तीन कल्ले, शेपटीवर उभा पर, आणि पापण्या नसलेले डोळे. एकूण रूप बेडकाच्या शेपटीवाल्या पिलासारखें, म्हणजे डिंभाचें. हुंबोल्ट यांनीं अमेरिकेंतून आणलेले नमुने पॅरिसमध्यें क्यूव्हिए यांनीं तपासले आणि हा कोणत्या तरी सॅलॅमँडराचा डिंभ असावा असा तर्क केला. परंतु ह्याचा प्रौढ कोणीं पाहिला नव्हता. आणि डिंभ म्हणावा तर हा पाण्यांतच अंडीं घालून संसार थाटी.

१८६४ सालीं चौतीस जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला आले व त्यांतील कांहीं ओगुस्त द्युमेरिल यांच्या देखरेखीखालीं ठेवले गेले. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं अंडीं घातलीं. पिलें वाढलीं, आईबापांएवढीं झालीं, आणि त्यांतील कांहींनीं असा चमत्कार केला कीं पाहणारे थक्क झाले. त्यांचे कल्ले झडले, शेपटीचा पर आटला, अंगावर पिवळसर ठिपके उमटले, आणि तीं पाण्याबाहेर राहणारे सॅलॅमँडर बनलीं. आईबाप मात्र पूर्वीसारखेच कल्लेवाले! आईबाप बाळ आणि मुलें प्रौढ, असें हें कुटुंब होतें. पुढें मारी फॉन शोव्हें ह्या विदुषींनीं पाणी हळूहळू उथळ करून, प्राण्यास हवेंत श्वास घेणें भाग पाडून, हें रूपांतर घडवून आणलें. १९१२ सालीं गुडर्नाच यांनीं बेडकाच्या पिलांस घोड्याच्या अवटु ग्रंथीचें, म्हणजे गळ्यांतील थायरॉइडचें, मांस चारलें. तेव्हां त्यांचे माशीएवढाले बेडूक झाले. तोच आहार ज्यूलियन हक्स्ले यांनीं १९२० सालीं ॲक्सोलॉटलास दिला आणि जन्मभर पाण्यांत राहणारा प्राणी जमिनीवर चालूं लागला.

आज ह्याचा उलगडा बराच झाला आहे. ॲक्सोलॉटलास अवटु ग्रंथि आहे. तिचा रस रक्तांत आला तर शरीर तो ओळखतें आणि त्याची आज्ञा पाळतें. उणीव आहे ती वरच्या हुकुमाची. डोक्यांतील पोष ग्रंथीकडून अवटु ग्रंथीस वेळेवर जो जोरदार इशारा मिळावयास पाहिजे तो मिळत नाहीं. जननेंद्रियें मात्र आपल्या वेळीं पक्व होतात. एका देहांतील दोन घड्याळांपैकीं एक ठरल्या वेळीं चाललें आणि दुसरें मागें पडलें. तेवढ्यानें जमिनीवरचा सॅलॅमँडर जलचर झाला. ह्यास आमच्या परिभाषेंत चिरडिंभता म्हणतात. ह्यांत नवा अवयव निर्माण झाला नाहीं, शेवटीं मजला चढला नाहीं. उलट पूर्वजांचा शेवटचा मजला रिकामा पडला. येथें कसली उजळणी आणि कोणाची? नियमाप्रमाणें वंशजाच्या बालपणांत पूर्वजाचें प्रौढपण दिसावें. ॲक्सोलॉटलच्या प्रौढपणांत पूर्वजाचें बालपण दिसतें.

हेकेलच्या अनुयायांनीं ह्यास उत्तर दिलें नाहीं असें नाहीं. हा अपवाद आहे, ही अवनति आहे, असें ते म्हणत. शिडीवर सर्वांनीं चढलेंच पाहिजे असें एकदां ठरलें कीं खालच्या पायरीवर राहणारा पतित ठरतो. हें शास्त्र झालें नाहीं, हा बहिष्कार झाला. वॉल्टर गार्स्टँग यांनीं १९२२ सालीं आणि गॅव्हिन द बीअर यांनीं १९३० सालीं ह्या बहिष्कृतांची बाजू घेतली. गार्स्टँग यांचें म्हणणें असें कीं, वंशाचा इतिहास हा वाढीचा कर्ता नाहीं. वाढींत बदल होतात म्हणून वंशाचा इतिहास घडतो. कारण आणि कार्य यांची अशी उलटापालट झाल्यावर शिडीला टेकण्यास भिंतच उरली नाहीं.

आमच्याकडील वाचकांस मेक्सिकोचा प्राणी दूरचा वाटेल, म्हणून सह्याद्रींतील एक शेजारी दाखवितों. पावसाळ्यांत घाटांतील झुडपांत संध्याकाळीं कोणी दोन गोट्या एकमेकींवर आपटीत असल्यासारखा टक्-टक् आवाज ऐकूं येतो. तो अंगठ्याच्या पेराएवढ्या झुडपी बेडकाचा असतो. ह्या बेडकांच्या गटास २०१० सालीं राओर्केस्टिस असें नांव देण्यांत आलें, तें बंगलोरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ. हे बेडूक अंडीं पाण्यांत घालीत नाहींत; ओल्या मातींत, पानांवर, कांहीं जाती तर बांबूच्या पेरांत घालतात. आणि त्या अंड्यांतून पोहणारें शेपटीवालें पिलूं बाहेर येत नाहीं, चार पायांचा चिमुकला बेडूकच येतो. ॲक्सोलॉटलानें पूर्वजांचें प्रौढपण टाकलें. ह्यानें पूर्वजांचें पोहणारें बालपण टाकलें. पोर्टो रिको बेटावर कोकी नांवाचा अशाच रीतीचा बेडूक आहे, आणि त्याच्यावर प्रयोग झाले आहेत. त्याच्या गर्भांत पायांचे कोंब फार लवकर फुटतात. भैकेराचे, म्हणजे त्या पोहणाऱ्या पिलाचे, पाणवनस्पति खरवडणारे शिंगी ओंठ बनतच नाहींत. आणि अंड्यांतच अवटुरसाची निर्मिति बंद पाडली तर वाढ अडून राहते. एकच रस एका प्राण्यांत पुरेसा येत नाहीं, दुसऱ्यांत अंड्यांत असतांनाच येतो, आणि दोन शरीरें दोन दिशांना जातात. ह्या दोघांत शिडीवर वर कोण आणि खालीं कोण, हें सांगणाऱ्यास मी एक श्रीफळ देईन.

एका शरीरांत एकच घड्याळ नसतें हें लक्षांत आलें म्हणजे पुष्कळ कोडीं सुटूं लागतात. तांबडा कांगारू सुमारें तेहतीस दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मतो तेव्हां त्याचें वजन एक ग्रॅमही भरत नाहीं. मागचे पाय नुसते कोंब असतात. परंतु पुढचे पाय, नखें आणि तोंड मात्र तयार असतात, कारण आईच्या केंसांना धरून पिशवीपर्यंत चढून जावयाचें आहे आणि तेथें आंचळ पकडावयाचें आहे. ज्याची तांतडी त्याचें काम आधीं. पुढें प्रौढपणीं ज्या मागच्या पायांच्या बळावर हा प्राणी ओळखला जातो, ते जन्माच्या दिवशीं रांगेंत सर्वांत मागें उभे असतात. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेलीं बोटें. त्याच्या गर्भांत तीं बोटें आरंभीं उंदराच्या बोटांएवढींच असतात. मग उंदराचीं मंदावतात आणि वटवाघळाचीं त्याच झपाट्यानें वाढत राहतात. ह्या वाढीमागें हाडें वाढविणाऱ्या एका प्रथिनाचें वाढलेलें प्रमाण आहे, असें कॅरेन सिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं दाखविलें.

सापाचें उदाहरण तर असें आहे कीं तेथें घड्याळ हा शब्द उपमा म्हणून वापरावाच लागत नाहीं. पाठीच्या प्राण्यांच्या गर्भांत मणके ज्यांपासून बनतात ते खंड डोक्याकडून शेपटीकडे एकामागून एक कापले जातात, आणि प्रत्येक काप ठराविक वेळानें पडतो. कोंबडीच्या गर्भांत तो वेळ नव्वद मिनिटांचा आहे, आणि पेशींतील कांहीं जनुकें त्याच तालावर चालू-बंद होत असतात, हें १९९७ सालीं उघडकीस आलें. कोंबडीस असे सुमारें पंचावन्न खंड होतात, उंदरास पांसष्ट, आणि कॉर्न स्नेक नांवाच्या अमेरिकन सापास तीनशेंहून अधिक. एवढे मणके त्यानें कोठून आणले? ऑलिव्हिये पूर्किए यांच्या प्रयोगशाळेनें २००८ सालीं ह्याचें उत्तर दिलें. सापांत देहाच्या वाढीच्या मानानें हें घड्याळ फार जलद ठोके देतें. म्हणून काप पातळ पडतात आणि पुष्कळ पडतात. एकच भाकरी कोणी चार तुकड्यांत मोडावी आणि कोणी सोळांत, असा हा प्रकार. फक्त येथें भाकरीही थोडी अधिक वेळ थापली जाते. साप हा सरड्याच्या पुढची पायरी नाहीं कीं मागची नाहीं. त्याचें गणित निराळें आहे.

लहान उदाहरणें आणखी पुष्कळ आहेत. सुमात्राच्या दलदलींत २००६ सालीं एका माशाचें वर्णन झालें. त्याची अंडीं धरलेली मादी अवघी ७.९ मिलिमीटर भरली, आणि तिच्या मेंदूवर कवटीचें छत पुरतें झालेलें नव्हतें. येथें देह मंदावला नाहीं, जननेंद्रियेंच लवकर पिकलीं. पक्ष्याची कवटी ही डायनोसॉरच्या पिलाच्या कवटीशीं मिळतीजुळती आहे, असें २०१२ सालीं मापांनिशीं दाखविण्यांत आलें. उलट बाजूस आयर्लंडांत ज्याचे सांगाडे सांपडतात त्या लुप्त महामृगाचीं शिंगें बारा फुटांपर्यंत पसरत. देह वाढला तशीं तीं देहाहूनही अधिक प्रमाणांत वाढलीं.

मात्र घड्याळाच्या मागें लागून आपण दुसरें खूळ डोक्यांत घेऊं नये. सगळें कांहीं काळानें होत नाहीं. कांसवाच्या पाठीचें उदाहरण घ्या. आपल्या खांद्याचें हाड बरगड्यांच्या बाहेर असतें. कांसवाचें बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आंत. त्याच्या गर्भांत बरगड्या खालीं वळून छातीला वेढण्याऐवजीं बाजूंस त्वचेंत पसरतात आणि त्यांपासून कवच होतें. हा बदल मुख्यतः जागेचा आहे. आणि येथें अवतारांच्या व्याख्यानाचीही जागा चुकते. मनुष्याच्या पूर्वजांपैकीं कोणींही पाठीवर कवच वागविलें नाहीं. कूर्म ही आपली पायरी नव्हेच, ती बाजूला गेलेली फांदी आहे. वराहाचेंही तेंच. पुराणकर्त्यांनीं ही यादी प्राणिशास्त्राची म्हणून केली नव्हती, तेव्हां त्यांना दोष नाहीं. अवतारांची आणि डार्विनची सांगड १८७७ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालेल्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या ग्रंथांत दिसते. जिला आमचे वक्ते प्राचीन ऋषींचें ज्ञान म्हणतात ती इतकी अर्वाचीन आहे. पुराणाचा अर्थ पुराणांत शोधावा. त्यास हेकेलच्या शिडीला बांधलें म्हणजे शिडीबरोबर तेंही पडतें.

हा सगळा वाद प्राध्यापकांपुरता असता तर मीं ह्या मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. पूर्वजाचें प्रौढपण म्हणजे वंशजाचें बालपण, हा नियम माणसांना लावावयास कितीसा वेळ लागणार? युरोपच्या शहाण्यांनीं लागलीच हिशेब मांडला. युरोपियन मूल ज्या पायरीवर आहे त्या पायरीवर आफ्रिकेंतील वा आशियांतील प्रौढ मनुष्य थांबला आहे, असा तो हिशेब होता. लोंब्रोझो यांनीं १८७६ पासून गुन्हेगारास पूर्वजांच्या पायरीवर परत गेलेला मनुष्य ठरविलें. डॅनियल ब्रिंटन यांनीं १८९० सालीं लिहिलें कीं, ज्या प्रौढांत बालपणाचीं वा वानरांचीं लक्षणें अधिक, तो हीन. स्टॅन्ली हॉल ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९०४ सालच्या पौगंडावस्थेवरील ग्रंथांत कांहीं मानववंशांनाच पौगंड म्हणून टाकलें. ज्या देशावर राज्य करावयाचें तेथील प्रजा हें मोठें झालेलें मूल आहे, मुलाला स्वराज्य देत नसतात, हा युक्तिवाद आमच्या वडिलांच्या व आजोबांच्या पिढीनें पुरता अनुभवला आहे. त्याच्या मागें ही शिडी उभी होती.

आणि पुढें काय झालें तें पाहा. १९२६ सालीं ॲम्स्टरडॅमचे शरीरशास्त्रज्ञ लुई बोल्क यांनीं सर्वस्वी उलट सिद्धान्त मांडला. मनुष्य हा वाढ मंदावलेला वानर आहे. सपाट चेहरा, विरळ केंस, मोठी गोल कवटी, हीं सर्व वानराच्या गर्भाचीं लक्षणें मनुष्यांत जन्मभर टिकलीं आहेत. आतां बालपणाचीं लक्षणें हींच श्रेष्ठत्वाचीं झालीं. न्यायानें पाहतां ज्यांना काल मूल म्हणून खालीं बसविलें त्यांना आज वर बसवावयास पाहिजे होतें. परंतु बोल्क यांनीं मापें निराळीं निवडून पुन्हां गोऱ्या वंशासच अग्रभागीं बसविलें! पुरावा उलटा फिरला. निकाल तसाच राहिला. स्टीफन जे गूल्ड यांनीं १९७७ सालच्या आपल्या ग्रंथांत हा लबाडीचा इतिहास उघडा केला आहे, आणि ज्यांना इंग्रजी वाचतां येतें अशा प्रत्येक वक्त्यानें तो व्याख्यानापूर्वीं वाचावा.

बोल्क यांचा सिद्धान्त अलीकडे पुन्हां गोंडस रूपांत फिरतो आहे: मनुष्य म्हणजे कधीं मोठें न होणारें वानराचें बाळ. हेंही घोषवाक्य आहे. चिंपांझीच्या पिलाची कवटी आपल्या कवटीशीं जुळते हें खरें. परंतु आपले लांब पाय कोणत्या बाळाचे? वानराच्या पिलाचे पाय आंखूड असतात. आपली हनुवटी व पुढें आलेलें नाक कोणत्या बाळाचें? नवजात चिंपांझीचा मेंदू त्याच्या प्रौढ मेंदूच्या सुमारें दोनपंचमांश असतो, आपल्या अर्भकाचा चौथाईहून थोडा अधिक; कारण गर्भांत असतांनाचा मेंदूच्या वाढीचा वेग आपल्यांत जन्मानंतरही सुमारें वर्षभर टिकतो. येथें वाढ थांबली नाहीं, लांबली. मनुष्याच्या देहांत कांहीं घड्याळें मागें पडलीं आहेत, कांहीं पुढें गेलीं आहेत, कांहीं जास्त वेळ चाललीं आहेत. असा गोधडीसारखा जोडलेला देह कोणत्या पायरीवर उभा करणार?

२०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हां अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक यांनीं जाहीर पत्र काढून निषेध केला. तो योग्यच होता. परंतु जो भाग परत यावा असें आम्ही म्हणतों, त्यांत काय असावें ह्याचीही चर्चा झाली पाहिजे. गर्भांच्या चित्रांची रांग आणि तिच्याखालीं शिडीचें वाक्य, एवढ्यासाठीं कोणी भांडण्याची गरज नाहीं. मला विचाराल तर त्या पानावर ॲक्सोलॉटल आणि त्याचा जमिनीवरचा सॅलॅमँडर हीं दोन चित्रें असावींत, मणक्यांच्या घड्याळाचा एक तक्ता असावा, आणि घाटांतील झुडपी बेडकाच्या अंड्यांचें एक चित्र असावें. तीं अंडीं पारदर्शक असतात. आंत चार पायांचा जीव हालचाल करतांना साध्या भिंगानेंही दिसतो. दर जून-जुलैमध्यें महाबळेश्वरापासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर हे बेडूक ओरडत असतात, आणि माझ्या पाहण्यांत आलेल्या एकाही शालेय पुस्तकांत त्यांचें नांव नाहीं.